रुसायला जागा

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस सगळं घर बघून झालं की एकच प्रश्न विचारतो. स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्यामध्ये अडीच हात रुंदीचा एक कोनाडा आहे. त्यात बसण्यापुरता कट्टा, वर एक लहानशी खिडकी. तिथे देव नाहीत, फ्रीज नाही, गॅसचं सिलिंडर नाही, भिंतीला साधा खिळासुद्धा नाही.

"ही जागा कशासाठी ठेवली?"

"रुसायला," मी सांगते.

पाहुणे हसतात, मीही हसते, आणि चहा होईपर्यंत मला गिरजाबाई सांगावी लागते. सासूबाई शेजारी बसून माझ्या चुका काढतात. त्यांच्या मते ती गोष्ट माझी नाहीच, त्यांची आहे.

गिरजाबाई रेजा होती. आमच्याकडे रेजा म्हणजे बांधकामावर विटा, रेती, कालवलेला माल डोक्यावरून वाहणारी बाई. तीस-पस्तीस वर्षं घमेली वाहून तिचं डोकं वरून चपटं झालं होतं. निदान ती तसं सांगायची, आणि कुणी विश्वास ठेवला नाही तर त्याचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवायची. उंचीनं माझ्या खांद्याएवढी. लुगडं घोट्याच्या वर चांगलं चार बोटं, आणि कमरेला चुंबळ खोचलेली. घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची ही कापडाची चुंबळ ती लग्नकार्यालासुद्धा खोचून जायची. "कुठी काय उचला लागन, सांगता येते का?" असं तिचं म्हणणं.

खर्रा मात्र तिचा जीव की प्राण. प्लास्टिकच्या कागदात सुपारी-तंबाखू घेऊन ती तळहातावर घोटायला लागली की समजावं, बाई विचारात आहे. जितका खर्रा जास्त घोटला जाईल तितकं पुढचं बोलणं समोरच्याला महागात पडणार. मी तिला कितीदा सांगितलं, गिरजाबाई, हे वाईट आहे, सोडा. ती गंभीरपणे मान हलवायची आणि म्हणायची, "खरं आहे मास्तरीनबाई, सोडतो म्हनलं की घोटा लागते, घोटलं की खावा लागते."

तिची आमची गाठ पडली ती घर बांधताना. ब्रह्मपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा वर्षं काढली होती. मी शाळेत शिकवते, आमचे हे एका सरकारी कचेरीत. वैनगंगेकाठच्या गावाहून सासूबाई येत, पंधरा दिवस राहत आणि काहीतरी निमित्त काढून परत जात. कधी कोंबड्या, कधी धान, कधी गावातलं कुणीतरी आजारी. सासरे गेल्यानंतर त्या एकट्या होत्या, आणि त्यांना कायमचं आमच्याकडे आणावं म्हणून तर आम्ही गावाबाहेरच्या बाजूला प्लॉट घेतला.

यांनी नागपूरच्या कुण्या मित्राकडून घराचा नकाशा काढून आणला होता. नुसता आणला नव्हता, लॅमिनेट केला होता. तो नकाशा ते पिशवीत घेऊन फिरत. आमच्या भाजीवाल्यानंसुद्धा तो बघितला होता आणि हॉल चांगला मोठा आहे असा अभिप्राय दिला होता.

पाया खोदायच्या दिवशी नामदेव मिस्त्री आपली माणसं घेऊन आला. त्यात गिरजाबाई होती. यांनी मिस्त्रीपुढे नकाशा धरला तशी ती घमेलं खाली ठेवून मागून डोकावली. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. तिनं नकाशा यांच्या हातातून घेतला, उलटा धरला, मग आडवा धरला.

"साहेब, याच्यात तुमची माय कुठी बसन?"

"कुठंही बसेल. एवढा मोठा हॉल आहे."

"कुठीही म्हनजे कुठीच नाई," असं म्हणून तिनं कमरेचा खर्रा काढला.

नामदेव मिस्त्रीनं कुदळ खाली टाकली. त्याला पुढचं माहीत असावं. "साहेब, आज राहू द्या खोदनं," तो म्हणाला. "हिनं घोटाले सुरुवात केली. आता घर राखेचं होईन, मंग विटेचं."

म्हणजे काय ते रविवारी कळलं. राईस मिलमधून धानाच्या कोंड्याची पोतंभर राख गिरजाबाईनं आणली आणि आमच्या मोकळ्या प्लॉटवर नकाशातलं घर आखलं, जसंच्या तसं, मिस्त्रीच्या टेपनं मोजून. मिस्त्री लोक चुन्याच्या फक्कीनं आखतात, पण चुना पायाला चावतो आणि गिरजाबाईच्या घरात सगळ्यांनी अनवाणी फिरायचं असे. भिंती म्हणजे राखेच्या रेघा. रेघ तुटली तिथं दार.

"आता राहा," ती म्हणाली.

"काय करू?" यांनी विचारलं.

"राहा जी. सकाळपासून घरी काय करता ते करा. दारातून या, दारातून जा. भिंतीतून गेलं तं मी वापस पाठवीन."

आणि ती विटांच्या ढिगावर न्यायाधीशासारखी जाऊन बसली.

पहिला अर्धा तास आम्ही लाजत होतो. माझी मनू तेव्हा दहा वर्षांची, तिला मात्र हा खेळ फार आवडला. ती आपल्या खोलीत जाऊन अभ्यासाला बसली, जे खऱ्या घरात ती कधी करत नाही. मी विटांवर पाटी ठेवून पोळ्या लाटल्यासारखं केलं. गिरजाबाई उठून आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "खांदा वर गेला. एक वीट काढ गा नामदेव." वीट काढली. "आता लाटा." मग अर्धी वीट घातली. खांदा खाली येईपर्यंत तिनं विटा काढल्या-घातल्या, आणि आजही माझ्या ओट्याची उंची कुठल्याही इंजिनिअरच्या मापात बसत नाही. माझी पाठ मात्र दुखत नाही.

इतक्यात सासूबाई न्हाणीतून निघाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात आल्या.

"ओ आजी! भिंतीतून आल्या! वापस जा!"

सासूबाईंना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या, रेघेकडे पाहिलं, गिरजाबाईकडे पाहिलं. "भिंत कुठी आहे वं इथी? राख आहे."

"आज राख आहे. उद्या कपाळ फुटन," गिरजाबाई म्हणाली.

सासूबाई पाय आपटत न्हाणीपर्यंत परत गेल्या आणि दारातून, म्हणजे हॉलमधून, पाहुणे म्हणून बसवलेल्या माणसांच्या मधून, पुन्हा स्वयंपाकघरात आल्या. गिरजाबाईनं तेवढ्यात त्यांची पावलं मोजली होती. "सत्तावीस," ती म्हणाली. "गुडघे दुखनाऱ्या बाईले पान्याचा गडू ठेवाले सत्तावीस पावलं. साहेब, नकाशा चांगला आहे, तुमच्या मायले पुरत नाई."

पाहुणे म्हणून नामदेव मिस्त्री आणि त्याचा एक माणूस हॉलमध्ये विटांवर बसवले होते. गिरजाबाईनं यांच्या हातात बादली दिली आणि संडासात जायला सांगितलं. हे गेले. आत उभे राहिले. बाहेर निघाले तर समोर तीन हातांवर नामदेव मिस्त्री. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्री मनापासून म्हणाला, "या साहेब, बसा." तोवर रस्त्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. थंडीचे दिवस, आमच्याकडे नाटकांचा हंगाम. एकानं ओरडून विचारलंच, "प्रयोग कधी आहे? तिकीट किती?" यांनी बादली खाली ठेवली आणि नकाशा पिशवीत टाकला. संध्याकाळी मनूनं त्याच लॅमिनेट केलेल्या नकाशानं राख भरून घमेल्यात टाकली. सुपलीचं काम तो नकाशा फार चांगलं करत होता.

पण त्याआधी दुपारी खरं भांडण झालं. पाण्याची गुंडं, म्हणजे हंडे, कुठं ठेवायची यावरून माझं आणि सासूबाईंचं. खरं तर घर खोटं, गुंडं खोटी, पाणीसुद्धा खोटं. पण अकरा वर्षांचं काय काय त्या गुंडांत साचलं होतं देव जाणे. त्या म्हणाल्या, तुमच्या घरात माझं काय चालते. मी म्हणाले, म्हणून तर दर पंधरा दिवसांनी पळता. आणि मी तरातरा निघाले. रागातसुद्धा दारातूनच निघाले, हे मला आठवतं. प्लॉटच्या बाहेर रस्त्याकडेच्या रेतीच्या ढिगावर जाऊन बसले, जमलेल्या पंचवीस माणसांच्या समोर.

गिरजाबाई हसली नाही. तिनं खर्रा घोटायचा थांबवला आणि मिस्त्रीला हाक मारली. "नामदेव, पाह्य. बाई रुसली तं घराबाहीर गेली. या घरात रुसाले जागा नाई."

मग ती माझ्याजवळ येऊन ढिगावर बसली. "मास्तरीनबाई, मानूस जेवते, झोपते, आंघोळ करते, तसंच रुसते. त्याले जागा पायजे. घरात नाई भेटली तं मानूस घराबाहीर रुसते, आनि बाहीर गेलेल्या मानसाले वापस येनं लई जड जाते." हे बोलताना ती माझ्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या जागेबद्दल तिची मतं ठाम होती. रुसणाऱ्याला घर दिसायला नको, पण ऐकू आलं पाहिजे. खिडकी रस्त्याकडे नको, नाहीतर माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतं. रुंदी एका माणसाची. "दोघं मावले तं रुसनं कायचं? ती बैठक झाली." आणि स्वयंपाकघराच्या जवळ हवी, कारण फोडणीचा वास आला की माणूस लवकर उठतं. असा आमचा कोनाडा झाला. न्हाणीचं दार फिरलं, हॉल लहान झाला, मागच्या दाराशी सासूबाईंना बसून तांदूळ निवडायला ऐसपैस ओटा झाला. त्या ओट्यावरून त्यांना घरामागची सांदवाडी म्हणजे परस, शेजाऱ्यांची म्हैस आणि माझं स्वयंपाकघर या तिन्हींवर एकदम लक्ष ठेवता येतं. कोंबड्या त्यांनी गावच्या जावेला देऊन टाकल्या. त्यानंतर त्यांना गावी जायला एकही निमित्त सापडलेलं नाही.

घर झाल्यावर तरी ती आपल्याला सोडेल असं यांना वाटलं होतं. पण सहा-सात महिन्यांनी गिरजाबाई न सांगता आली, "घर लागलं का", म्हणजे राहणाऱ्यांना मानवलं का, ते बघायला. घर लागलं की नाही हे ती पसाऱ्यावरून ओळखायची. यांचा शर्ट खुर्चीवर पडला होता. मी लाजून उचलायला गेले तर म्हणाली, "राहू द्या. रोज इथीच पडते का?" रोज तिथंच पडतो, म्हटलं. तिनं खुर्चीच्या बरोबर वर भिंतीत खुंटी मारायला लावली. "साहेबाले बदलवनं कठीन आहे. खुटी सोपी." शर्ट तेव्हापासून खुंटीवर असतो आणि यांना अजून वाटतं की त्यांना शिस्त लागली.

तिचं हे राखेचं घर चार तालुक्यांत माहीत होतं. मिस्त्री लोक आधी चिडायचे, मग तिलाच आधी न्यायचे, कारण बांधलेली भिंत पाडण्यापेक्षा राख पुसणं बरं. फक्त एकदा ती हरली, असं तीच सांगायची. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावात घरकुलाच्या कामावर गेली होती. तिथल्या म्हाताऱ्या आजोबांना तिनं राखेच्या दोन खोल्यांत चालायला सांगितलं. आजोबा आदरानं दारातून आत गेले, दोन्ही खोल्या बघितल्या, दारातून बाहेर आले आणि अंगणातल्या मांडवाखाली आपल्या बाजेवर जाऊन बसले. गिरजाबाई म्हणाली, आजोबा, घरात राहा ना. ते म्हणाले, राहूनच राह्यलो. तिनं पाहिलं, तर तिथंच मोहफुलं वाळत होती, तिथंच पोरं जेवत होती, पाहुणेही तिथंच टेकले होते. "मी मुकाट्यानं राख उचलली," ती सांगायची, "आनि मांडवाच्या भोवती टाकली. त्याईचं घर तं अंगनात होतं. खोल्या फक्त सामानाले." त्या दिवसापासून तिनं एक नियम केला. ज्याला राहायचं त्याचेच पाय हवेत. दुसऱ्याच्या पायानं घर मोजायचं नाही.

आणि हा नियम तिनं मोडला तो स्वतःच्या घरात.

तिचं घर ब्रह्मपुरीबाहेरच्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, होतं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, एकच खोली. नवरा मागंच गेला होता. मुलगा राजू आणि सून वंदना आहेत, ते चंद्रपूरकडे भाड्यानं राहतात, एवढंच तिनं आम्हाला सांगितलेलं. कधी येतात विचारलं की ती चुंबळ नीट खोचायला लागायची. एके दिवशी मात्र ती उड्या मारतच आली. तिचं घरकुल मंजूर झालं होतं. "आजी, मास्तरीनबाई, आयतवारी या. माह्यं घर पाहाले."

आम्ही दोघी गेलो. जुनं घर पाडून जागा मोकळी केली होती आणि तिच्यावर राख. नामदेव मिस्त्री एका बाजूला विडी ओढत बसला होता. दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, न्हाणी आणि कोपऱ्यात अडीच हातांचा एक चौकोन. ती स्वतः झोपायची जागा इतकी चिंचोळी होती की कूस बदलली तर भिंत लागेल.

"बसा, दाखवतो," असं म्हणून गिरजाबाईनं घर चालवून दाखवायला सुरुवात केली. डोक्यावरून पदर घेऊन, मान जराशी वाकडी करून ती आत आली. "ही वंदना उठली. वंदनानं चूल पेटवली. आता वंदना पोट्टीले आंघोळ घालते." मग पदर काढून लांब ढांगा टाकल्या. "हा राजू आला, डबा ठेवला." मग पुन्हा पदर. मग कंबर वाकवून स्वतः. एकटी बाई चार माणसांचं घर चालवत होती. मी हसत होते. सासूबाई हसत नव्हत्या.

"गिरजे," त्या म्हणाल्या, "वंदना काय अशी चालते?"

"अशीच चालते जी. थोडी वाकडी मान करते."

"तिले इचारलं?"

गिरजाबाई थांबली. कमरेचा खर्रा हातात आला.

"आमच्या घरी मले तू दोनदा चालवलं. नात चालवली. संडासात माह्या पोराले उभं केलं. आनि तुह्या घरी काऊन तूच सगळ्याईचे पाय झाली?"

खर्रा घोटण्याचा आवाज येत राहिला. मग तिनं सांगितलं, जे इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं. त्या एका खोलीत सासू, मुलगा, सून आणि तीन महिन्यांची नात. एका सकाळी वंदना कशावरून तरी रुसली. आत कुठं जाणार? बाहेर गेली आणि हापशीच्या ओट्यावर तोंड फिरवून बसली. पाण्याला आलेल्या बाया उभ्या राहिल्या. गावासमोर नाक कापलं गेलं असं गिरजाबाईला वाटलं आणि ती ओरडली, "बसाचंच आहे तं मायच्या दारात जाऊन बस!" वंदना उठली, पोर घेतली आणि गेली. चार दिवसांनी राजू तिच्या मागं गेला. त्याला तीन वर्षं झाली होती.

"कारन आठवत नाई," गिरजाबाई म्हणाली. "चहात साखर होती का नव्हती, असंच कायतरी. तिले जागा असती तं दुपारपर्यंत उठली असती."

मला आमच्या प्लॉटवरचा रेतीचा ढीग आठवला, आणि फार वाईट वाटलं. ज्या जागेवरून आम्ही पाहुण्यांना इतके दिवस हसवलं, ती जागा हिच्या घरात नव्हती.

"मंग जा आनि घेऊन ये," सासूबाई म्हणाल्या.

"मी बोलावलं तं ती म्हनन, बुढी हारली. आनि नाई आली तं? बेस्तरवारी पाया खोदाचा आहे. नाई आली तं या राखेचं मी काय करू?"

"काय करशीन? झाडशीन," सासूबाई म्हणाल्या. "पन दुसऱ्याच्या पायानं घर मोजू नोको. तूच सांगतलं."

मंगळवारी ती बसनं गेली. तिथं काय झालं ते वंदनानं मला नंतर सांगितलं. सासू दारात उभी राहिली, आत आली नाही, पाणी घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "राहाले नोको येऊ. एक दिवस चालाले ये." आणि परत बसस्टँडवर. वंदनाला आधी वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

बुधवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. खोटं कशाला सांगू, मला बघायचंच होतं. सासूबाई तर सकाळपासून तिथं होत्या. अकराची बस गेली, कुणी आलं नाही. बाराची गेली. गिरजाबाई विटांवर बसून दर थोड्या वेळानं उठायची आणि वाऱ्यानं पुसलेली रेघ पुन्हा घालायची. पाऊणच्या सुमाराला रस्त्यानं तिघं येताना दिसली. राजू, त्याच्या कडेवर मुलगी, आणि मागं उंच, ताठ मानेची वंदना. मान अजिबात वाकडी नव्हती.

वंदनानं चपला बाहेर काढल्या, त्या मला दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. ती दारातून आत गेली. चुलीपाशी उभी राहून वाकली. "एवढी खाली? मले बुटकी समजता का?" ती मिस्त्रीला म्हणाली. बोलली मिस्त्रीला, ऐकवलं सासूला. गिरजाबाईनं न बघता दोन बोटं वर केली आणि मिस्त्रीनं दोन विटा चढवल्या. नाट्य असं चाललं होतं की रस्त्यावरची माणसं यावेळी तिकीटसुद्धा विचारत नव्हती. न्हाणीचं दार वंदनानं पायानं पुसून दुसरीकडे केलं. सासूच्या चिंचोळ्या जागेत उभी राहिली, दोन्ही हात पसरून बघितले आणि रेघ पायानं हातभर सरकवली, आपल्या खोलीच्या बाजूला. मग ती कोपऱ्यातल्या चौकोनापाशी आली.

"हे काय आहे?"

राजूनं माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे. गिरजाबाई रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, "रुसाची जागा. तुही."

वंदना आत शिरली. मापाला म्हणून खाली बसली, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे एका राखेच्या रेघेकडे. थोडा वेळ ताठ बसली. मग तिचे खांदे हलायला लागले. भर दुपारी, उघड्या जागेत, वीस माणसांसमोर ती रडत होती आणि तिथल्या प्रत्येकाला वाटत होतं की मध्ये भिंत आहे, आपण बघू नये. मीसुद्धा मान फिरवली.

गिरजाबाई उठली. माठातून गडवा भरला आणि निघाली. दाराकडे नाही गेली. स्वयंपाकघराची रेघ, मधली रेघ, कोपऱ्याची रेघ, सगळ्यातून सरळ. पाण्याचा गडवा वंदनासमोर धरून उभी राहिली.

"गिरजे!" सासूबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की मुलगी दचकली. "भिंतीतून आली तू! वापस जा!"

गिरजाबाईनं खाली पाहिलं. तळपाय राखेनं भरले होते. उभ्या आयुष्यात तिनं कुणाला सोडलं नव्हतं, आजींना नाही, साहेबांना नाही. ती खरोखर वळली, गडवा घेऊन दाराकडे जायला.

"राहू द्या आत्याबाई," वंदना म्हणाली. नाक पुसलं, गडवा हातातून घेतला आणि मिस्त्रीकडे वळून म्हणाली, "इथीच दार ठेवा."

त्या घरात अजून ते दार आहे. आमच्या कोनाड्याला नाही, त्यांच्या कोनाड्याला आहे. नामदेव मिस्त्री म्हणतो, रुसायच्या जागेला दार ठेवलेलं हे त्यानं बांधलेलं एकच घर.

गिरजाबाई पुढे दोनच वर्षं त्यात राहिली. ती गेली तेव्हा आम्ही नेमके बाहेरगावी होतो, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर तिचं शेवटचं रूप आहे ते त्याआधीच्या उन्हाळ्यातलं. मी आणि सासूबाई सहज गेलो होतो. वंदना चुलीपाशी, उंच ओट्यावर. नात अंगणात. गिरजाबाई कुठं दिसेना.

"तुही आत्याबाई कुठी आहे?" सासूबाईंनी विचारलं.

वंदनानं लाटण्यानं कोपऱ्याकडे खूण केली. "रुसली. खर्रा लपवून ठेवला म्या."

कोनाड्यातून आवाज आला, "मले कोनी जेवाले बोलावू नोका. मी उठनार नाई."

"जागा माही आहे, आनि बसून ह्याच राह्यतात," वंदना आम्हाला म्हणाली आणि आवाज चढवून, "बसा बसा! आता फोडनी देते."

तेल तापलं. लसूण पडला, मिरची पडली, वास घरभर गेला. कोनाड्यात खोकला झाला. मग ते मधलं दार जरासं उघडलं आणि तिथून आधी एक रिकामं ताट बाहेर आलं, मग ते चपटं डोकं.

"मी अजून रुसलीच आहे," गिरजाबाई म्हणाली. "फक्त भाजी वाढ."